मान फिरवली त्या दुपारी

प्रिय सिंधु,

लेकीच्या पत्रावर 'चि. सौ.' लिहायचं असतं एवढं मला कळतं. तुझी आई मघापासून तेच सांगतेय. मी तिला म्हटलं, त्या 'सौ.'वरूनच तर निलंग्यात सगळा गोंधळ चाललाय. तो मिटेपर्यंत नुसतं 'प्रिय' लिहू, त्याला कुणाची हरकत यायची नाही. तिला ते पटलं नाही. पण तेवढ्यात चौकात टँकर आल्याची ओरड झाली, ती घागरी घेऊन पळाली, आणि पत्र माझ्या मनासारखं सुरू झालं. अक्षर फार मोठं दिसेल तुला. कागद दुकानातला बांधाबांधीचा आहे आणि हातात पेन नसून गाठोड्यावर पत्ता घालायचा कुंचला आहे. ओळ सरळ जावी म्हणून कापड मोजायचा आपला जुना लाकडी गज कागदावर आडवा ठेवलाय, एक ओळ झाली की तो खाली सरकवतो. तरीही एखादी ओळ दुसरीच्या अंगावर चढली तर हसू नकोस. असं का लिहावं लागतंय ते पुढं येईलच.

परवा उमरीहून तुझ्या मावशीचं कार्ड आलं. तुझ्या आईनं ते मला वाचून दाखवलं. बसम्मा लिहिते की सिंधु वेळेवर जेवते, धुणंभांडी करू लागते, पण बोलत नाही. आणि अक्षय्य तृतीया झाली की निलंग्याला परत जाते म्हणते. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही, म्हणून नागप्पाचं दुसरं लग्न ठरलंय, मुलगी भालकीकडची आहे, आणि तुला त्या घरात 'मोठी' म्हणून मानानं ठेवणार आहेत. हे सगळं माहीत असून तू जाणार. का, तर "अप्पानं माज्याकडं बघितलं पन न्हाई मावशी. तोंड फिरवलं अन् उठून आत गेले. मग मला कुठलं आलंय म्हायेर?" तुझं हे बोलणं बसम्मानं जसंच्या तसं उतरवून पाठवलंय. तुझी आई ते वाचताना मधेच थांबली. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. त्यात खोटं काहीच नाही, पोरी. मान मी फिरवली आणि उठून आतही गेलो. पण तू त्याचा जो अर्थ लावलास तो त्यात नव्हता. हे तुला पटवायचं तर मला जरा लांबून वळसा घालून यावं लागेल. तेवढा धीर धर आणि पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबर. लातूर जिल्हा झाल्यापासून गावाच्या अंगात वारं शिरलंय. पाट्या रंगवणाऱ्याला फुरसत नाही. ज्यांच्या घरात उंदीर राहायला तयार नव्हते त्यांनीसुद्धा ऑफिसला जागा म्हणून भाडं सांगायला सुरुवात केलीय. आपल्या गल्लीतली पोरं जीपच्या आवाजावरून ओळखतात की आत कलेक्टर आहे का नुसताच ड्रायव्हर. पण मागच्या साली पावसानं दगा दिला, परसातल्या विहिरीत आता बादली खडखडते, आणि नळ हा प्रकार फक्त भिंतीला शोभेपुरता राहिलाय. आपल्या दुकानात कापड मोजता मोजता म्हातारा झालेला लिंबाजी परवा म्हणाला, "मालक, जिल्हा झाला खरं, पर पानी तालुक्याचंच ऱ्हायलं की वो." मी ते ऐकून खूप हसलो. तू असतीस तर तूही हसली असतीस.

तुला आठवतं, शाळा सुटली की तू दप्तर घेऊन थेट दुकानात यायचीस आणि गादीच्या कोपऱ्यावर मांडी घालून बसायचीस. तेव्हा मी तुला धंद्यातली एक गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाईक तोंडानं काय बोलतं ते ऐकायचं नाही, त्याची नजर कुठं आहे ते बघायचं. बाई "लई महाग हाय" म्हणाली आणि नजर कापडावर खिळलेली असली तर ती घेणार. "छान आहे हो" म्हणाली आणि मान दाराकडं वळली तर मुकाट्यानं घडी घालायला घ्यावी. तू हे इतकं पक्कं शिकलीस की कोण घेणार आणि कोण नाही यावर लिंबाजीशी पैज लावायचीस, आणि त्या बिचाऱ्याला रोज संध्याकाळी तुला शेंगदाण्याची पुडी आणून द्यावी लागायची. त्या दुपारी तू माझाच धडा माझ्यावर लावून बघितलास. बापाची मान फिरली म्हणजे माल परत. तुला मी दोष देत नाही. तुझ्या जागी मी असतो तरी तेच समजलो असतो.

पण तूही मला एक धडा शिकवला होतास. तो बहात्तरच्या दुष्काळातला. रेशनवर लाल मिलो आलेली. तिची भाकरी दिसली की मी ताट पुढं सरकवायचो. हिला वास येतो, चव मातीची आहे, ही जनावरांची ज्वारी आहे, असं मी रोज ताटावर बसून ओरडायचो. घरात थोडी आपली शाळू ज्वारी शिल्लक होती, ती तुझी आई सणासुदीला जपून काढायची. एक दिवस तू मांजरपाटाचा तुकडा माझ्या डोळ्यांवर गच्च बांधलास आणि एकेक घास भरवलास. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ही आपली शाळू, हिला म्हणतात भाकरी," आणि तुझी आई खो खो हसायला लागली, कारण तो घास मिलोचा होता. तू म्हणालीस, "अप्पा, तुमच्या जिभेला आधी डोळा जाऊन सांगतो, मग जीभ बोलते." मी त्या दिवशी फार चिडलो. पण पुढं दुष्काळ सरेपर्यंत मिलोला नावं ठेवायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून मला वाटायचं, ही पोर माझ्यापेक्षा शहाणी आहे.

शहाणपणा तू देवपूजेतही दाखवलास. रोज सकाळची माझी पूजा तू लहानपणापासून बघितलीस. अंघोळ करायची, कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पापणी न हलवता त्याच्याकडं बघत राहायचं. बघून झालं की मी समोरच्या चुन्याच्या भिंतीकडं नजर टाकायचो आणि तिथं उजेडाचं लिंग उभं राहायचं. तळहातावर काळं, भिंतीवर लखलखीत. ते विरेपर्यंत मी हात जोडून बसायचो. तू नववीत असताना मला समजावायला बसलीस, की एकटक बघून डोळा थकतो. ज्या जागेवर काळं पडलेलं असतं तेवढीच जागा ताजी राहते, म्हणून भिंतीवर तेवढाच भाग उजळ दिसतो. मी म्हटलं, थकल्यावर दिसला तरी देवच की. तू खांदे उडवलेस आणि शाळेला गेलीस. वाद तिथंच राहिला.

आता मुख्य गोष्टीला येतो. गेल्या श्रावणात एके दिवशी पूजा झाली, भिंतीवरचं लिंग विरलं, आणि त्याच्या जागी एक काळसर गोल तसाच राहिला. दुपारपर्यंत राहिला. दुसऱ्या दिवशी राहिला. भिंतीकडं बघावं तर भिंतीवर, आभाळाकडं बघावं तर आभाळात, दुधाच्या वाटीत बघावं तर दुधावर. जिथं बघीन तिथं मधोमध. दुसरा कुणी असता तर डोळ्यात काही गेलं म्हणून पाण्याचे हबके मारले असते. पण ज्या माणसानं जन्मभर रोज सकाळी काळ्या गोल लिंगाकडं बघितलंय त्याला काय वाटणार? मला वाटलं पूजा फळाला आली, लिंग तळहातावरून उठून नजरेत येऊन बसलं. सिंधु, मी आनंदानं रडलो. फक्त लिंबाजीला सांगितलं, शपथ घालून. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. बायका लेकरांना माझ्या पायावर घालायला लागल्या. एका म्हातारीनं तर पाऊस कधी पडंल तेही विचारलं. कापड कधी बोटभर जास्त न सोडणारा मी, गादीवर बसून लोकांना आशीर्वाद द्यायला लागलो. तुझी आई तेवढी बधली नाही. म्हणाली, "देव डोळ्यात आलाय तर मग तांदळातलं खडं का दिसंनात वो तुमाला?"

मठातल्या स्वामींना सांगावं म्हणून मुद्दाम गेलो. त्यांनी जाड चष्म्यातून माझ्याकडं बघत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रेवणप्पा, लिंग तळहातावर धरायला दिलंय. डोळ्यात ठेवा म्हणून कुणी सांगितलं नाही. माझा मोतीबिंदू नांदेडच्या डॉक्टरांनी काढला, माणूस चांगला आहे, जाऊन या." मी बरं म्हटलं, पाया पडलो आणि नांदेडचं नाव न काढता घरी परत आलो. खरं सांगू का, मला वाटलं की जे स्वामींना मिळालं नाही ते मला मिळालंय, म्हणून ते असं बोलतायत. म्हातारपणी माज आला की माणसाला काय काय सुचतं.

दिवाळीनंतर तो गोल पसरायला लागला. गिऱ्हाईक समोर बसलं की मला त्याचे हात दिसायचे, पदर दिसायचा, कानातलं दिसायचं, आणि मधे जिथं चेहरा पाहिजे तिथं ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं काहीतरी. दाराची चौकट मधेच वाकलेली दिसायची. मग मला हळूहळू एक गोम सापडली. ज्याला बघायचं आहे त्याच्याकडं बघायचं नाही. मान थोडी वळवावी, नजर कुठंतरी बाजूला, रॅकवर नाहीतर खांबावर टाकावी, की माणूस डोळ्याच्या कडेनं आत येतो. स्पष्ट नाही येत. पण त्याला तोंड असतं. मग मी सगळ्यांना तसंच बघायला लागलो. लोक म्हणायला लागले, जिल्हा झाल्यापासून रेवणप्पाची मान फार फिरायला लागलीय, सरळ तोंडाकडं बघून बोलत नाही. मी ते ऐकून घेतलं आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. दुखणं आहे असं एकदा तोंडानं म्हटलं असतं, तर देव गेला असता. मला तो घालवायचा नव्हता.

आणि मग ती चैत्रातली दुपार. टँकरची ओरड झाली म्हणून तुझी आई आणि लिंबाजी दोघंही घागरी घेऊन चौकात गेलेले. दुकानात मी एकटा. आधी ट्रंकेच्या कडीचा आवाज आला, मग तुझा. "अप्पा, मी आलेय. परत जायाला न्हाई आले." मी दचकून सरळ तुझ्याकडं बघितलं. ट्रंक दिसली, साडीच्या निऱ्या दिसल्या, हातातल्या बांगड्या दिसल्या, आणि गळ्याच्या वर काहीच नाही. माझी लेक एवढ्या दिवसांनी दारात आली आणि तिला तोंड नाही! मला तुझा चेहरा बघायचा होता. ती वाळलीय का, तिनं रडून डोळे सुजवलेत का, त्या लोकांनी तिचं काय केलंय, हे मला बघायचं होतं. म्हणून मी मान फिरवली. उजव्या हाताच्या रॅककडं तोंड केलं, तेव्हा कुठं तू कडेनं आलीस. तुझ्या गालाचं हाड वर आलेलं मला दिसलं, सिंधु. केस कपाळावर चिकटलेले दिसले. मला जेवढं दिसलं तेवढं पुरेसं होतं. रस्त्यावरून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी द्यावं आणि मग बोलावं, हे तुझी आजी आम्हांला सांगायची. तेवढंच त्या वेळी मला सुचलं. मी उठून आत गेलो तो तुझ्यासाठी पाणी आणायला. आत घागर तळाला गेलेली, तांब्या हाताला लागेना, गुळाचा डबा चाचपडून शोधावा लागला. त्यात वेळ गेला. तू बाहेर काय समजत बसली असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परत आलो तेव्हा तू खांबाला टेकून गादीवर बसली होतीस. मी रॅककडं मान केली आणि कडेनं तुला बघितलं. पदर डोक्यावरून घेतलेला, मान खाली. मी तांब्या तुझ्यापुढं ठेवला, गुळाचा खडा ठेवला, आणि समोर बसून बोलायला लागलो. तू काही उत्तर देईनास. मला त्यात नवल वाटलं नाही. लहानपणापासून तू रडताना आवाज करत नाहीस. म्हणून मी बोलतच राहिलो. आयुष्यात तुझ्याशी इतकं एकदम कधी बोललो नसेन. तेवढ्यात लिंबाजी खांद्यावर घागर घेऊन आला आणि म्हणाला, "कुनासंगं बोलायलाव मालक?" मी म्हटलं, गप, सिंधु आलीय. तो म्हणाला, "ताई तर ष्टँडकडं गेली की वो. चौकात दिसली मला ट्रंक घिऊन. हाक मारली तरी थांबली न्हाई." मी हात पुढं केला तर हाताला कापूस लागला. खांबाला उभा करून ठेवलेला लोड होता तो, आणि सकाळी गिऱ्हाईकाला दाखवायला काढलेलं इरकल लुगडं त्याच्यावर टाकलेलं होतं. तो पदर तेवढा मी खराच बघितला होता.

तुझी आई आली आणि तिनं आकाशपाताळ एक केलं. "लेकरू दारात आलं अन् तुमी भिंतीकडं बघत बसलाव!" मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. तिचा विश्वास बसेना. म्हणाली, सरळ माझ्याकडं बघा. मी बघितलं. ती एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागली. नंतर कळलं की तिनं माझ्यासमोर उभं राहून भली मोठी जीभ बाहेर काढून दाखवली होती, आणि माझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला ही संधी पहिल्यांदाच मिळाली, आणि तिला तिचा आनंदही घेता आला नाही.

दुसऱ्याच आठवड्यात लिंबाजी मला एस.टी.नं नांदेडला घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बराच वेळ आत बघितलं. म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. वयानं होतं, पूजेनं नाही. ज्या भागानं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तोच नेमका गेलाय. कडेची नजर राहील, काठी घेऊन फिरायची वेळ येणार नाही, पण गेलेलं परत यायचं नाही. लवकर आलो असतो तरी फार फरक पडला नसता, असंही ते म्हणाले; खरं म्हणून की माझ्या समाधानासाठी, ते मी विचारलं नाही. मी फक्त लोडाचं विचारलं. जे नव्हतं ते मला दिसलं कसं, माझं डोकं तर फिरलं नाही ना? तेव्हा त्यांनी एका कागदावर एक फुली आणि एक ठिपका काढला आणि तो कागद लिंबाजीच्या हातात दिला. तसंच मी तुझ्यासाठी इथं काढतो.

✕                              ●

डावा डोळा हातानं झाक. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडं बघ आणि कागद हळूहळू जवळ आण. एका जागी ठिपका नाहीसा होईल. लिंबाजी तर ओरडलाच, "आरं, ग्येला की!" आता त्या जागी काय दिसतं ते नीट बघ. भोक दिसत नाही, अंधार दिसत नाही, नुसता कोरा कागद दिसतो. डॉक्टर म्हणाले की ही आंधळी जागा देवानं प्रत्येक धडधाकट डोळ्यात ठेवलीय, आणि जन्मभर कुणाला तिचा पत्ता लागत नाही, कारण आजूबाजूचा धागा घेऊन आपला मेंदूच तिथं रफू करतो. रफू इतका बेमालूम असतो की तो कापडच आहे असं आपण शपथेवर सांगतो. माझ्या डोळ्यातलं भोक मोठं आहे एवढंच. तुझी वाट बघणाऱ्या मनानं त्यात तुला बसवलं. परतीच्या एस.टी.त मी तोच विचार करत होतो. मला वाटलं, तुझ्याही मनानं त्या दुपारी तेच केलं असणार. तुला फिरलेली मान तेवढी दिसली, आणि बाकीचं तू निलंग्याहून सोबत आणलेल्या दुःखानं भरून काढलंस.

पूजा मी अजून करतो. तळहातावर लिंग घेतो, त्याच्याकडं बघितलं की ते नाहीसं होतं. पहिले काही दिवस मला फार वाईट वाटलं, अगदी पोरकं झाल्यासारखं. मग डोळे मिटून अंगठा त्याच्यावरून फिरवायला लागलो. गार, गुळगुळीत, ओळखीचं लागतं. स्वामींना सांगितलं तर म्हणाले, "चालतंय की." भिंतीवर आता काही उमटत नाही. आपल्या वादात तू जिंकलीस असं तुला वाटत असेल तर मी आत्ता तरी भांडणार नाही.

एक गोष्ट मात्र साफ सांगतो. रेवणप्पाचे डोळे गेले, गल्ला बघायला कुणी पाहिजे म्हणून लेक घरी ठेवून घेतली, असं लोक म्हणतील. तुझ्याही मनात ते येईल. पण लोडाशी बोललो तेव्हा डोळे गेलेत हे मी मानतच नव्हतो, तेव्हा तर माझ्या नजरेत साक्षात देव होता. धंदा लिंबाजी सांभाळतो, कापड मला अजून बोटांना कळतं. मला डोळे नको आहेत. मला तू हवी आहेस.

म्हणून हे पत्र लिहायला बसलो. जे लोडाला सांगितलं ते तुला सांगायचं राहिलंय. मी म्हणालो होतो, "बरं केलंस आलीस. पाणी पी आधी. हे घर तुझं आहे, माझ्या आधी तुझं आहे. निलंग्याला जायचंच झालं तर आपण दोघं जाऊ, तुझी भांडी आणि पेटी आणायला. तुला तिथं ठेवायला नाही. मूल नाही म्हणून कुणी तुला उणं म्हणेल तर त्याला माझ्याकडं पाठव. तू एकटीच आहेस मला, आणि मला कधी काही उणं वाटलं नाही. लोक बोलतील, ते मी ऐकून घेईन. तू फक्त जेव आणि झोप." अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी नांदेडहून गाडीत बसून मी उमरीला येतोय, लिंबाजी सोबत आहे. बसम्माला माझा नमस्कार, शरणार्थी सांग आणि तुझी ट्रंक भरून ठेव. तू स्टेशनवर ये. मी उतरलो की मोठ्यानं हाक मार, म्हणजे तू कुठं उभी आहेस ते मला कळेल. त्यानंतर मी तुझ्याकडं बघणार नाही. मान फिरवून रुळांकडं नाहीतर स्टेशनच्या भिंतीकडं बघत उभा राहीन. थोडा वेळ लागेल, सिंधु. तेवढा वेळ जाऊ नकोस. मी तुला बघत असेन.

तुझाच,
अप्पा